उलट जोडलेली वायर

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण खाली 'स्टोरी मस्त जमलीय' असं लिहू नका. मी स्टोऱ्या लिहीत नाही. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो.

आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. आजोबा गिरणीत होते. त्यांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दारासमोर लावल्या होत्या, आणि चाळीत कुणाच्या अंगात आलं की ते शांतपणे खिडकी लावून पेपर वाचत बसायचे. मीही तसाच वाढलो. म्हणूनच हे लिहायला मला इतके महिने लागले.

ती रात्रही नव्हती.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे सव्वातीन. करी रोडला चाळ पाडून उभ्या केलेल्या बिल्डिंगचा सोळावा मजला. माझ्या मित्राचं, ध्रुवचं घर.

ध्रुवला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.

मी आणि ध्रुव शाळेपासूनचे. तो विमा कंपनीत लागला, मी लॅमिंग्टन रोडला एका वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग करायला बसलो. त्याला चांगल्या आवाजाचं वेड लागलं ते माझ्यामुळे, असं त्याची बायको सुमेधा वहिनी म्हणते. खरं असेल. पण छातीपर्यंत येणारे ते दोन जुने विलायती स्पीकर त्याने मला न विचारता आणले. ग्रँट रोडचे एक म्हातारे गृहस्थ घर आवरत होते, त्यांच्याकडून.

"ध्रुव, हे स्पीकर खादाड आहेत रे," मी म्हणालो होतो. "तुझा ॲम्प्लिफायर यांना पुरणार नाही."

"नवराबायकोचं पण पहिल्यांदा जुळत नाही," तो म्हणाला. "जुळवू हळूहळू."

जुळलं नाहीच.

अशा स्पीकरना नुसते वॉट असून भागत नाही, करंट लागतो. साधा ॲम्प्लिफायर हळू आवाजात बरा चालतो, पण एखादा खोल, जड ठोका आला की त्याला दम लागतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो. आत एक रिले असतो. 'कट्' असा बारीक आवाज येतो आणि सगळं गप्प.

तो 'कट्' ध्रुवच्या घरात इतक्या वेळा ऐकलाय की मोजत बसलो नाही.

त्याने वायरीही स्वतः बनवल्या. दोन रविवार घालवून, बोटं भाजून घेऊन. बोटाएवढ्या जाड, वरून काळं जाळीचं कव्हर. प्लस कुठलं, मायनस कुठलं हे कळावं म्हणून प्रत्येक वायरीच्या प्लसला त्याने लाल दोरा बांधला होता. लाल टेप मिळते की दहा रुपयांना, मी म्हणालो. तर म्हणे टेप चांगली दिसत नाही.

मेमध्ये ऑफिसातच त्याच्या छातीत दुखायला लागलं. अडतीस वर्षांचा होता.

जानेवारीत वहिनींचा फोन आला.

"सम्यक, ध्रुवचे स्पीकर एकदा चालू करून देशील?"

"विकायचेत का?"

"नाही रे. मनूने काल विचारलं, बाबाचा आवाज कसा होता. मला सांगताच येईना."

मनू त्यांची मुलगी. तेव्हा साडेचार वर्षांची.

ध्रुवने स्वतःच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. तो म्हणायचा, स्पीकर तपासायचा तर ओळखीच्या माणसाचा आवाज लावावा, गाण्यात फसगत होते. म्हणून घरातच दोन माईक लावून त्याने मनूला सांगतो ती गोष्ट रेकॉर्ड केली होती. शिवडीच्या चिखलातल्या एका खेकड्याची. मधे तो खेकडा होडीला धडका मारतो, तिथे ध्रुव डायनिंग टेबलावर मूठ आपटतो. अकरा मिनिटांची गोष्ट.

"मोबाईलवर लावली होती," वहिनी म्हणाल्या. "डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. मनू म्हणाली हा बाबा नाहीच. तिला एकदा नीट ऐकू दे रे. मलाही."

मी त्याच्याच जुन्या ॲम्प्लिफायरवर लावून बघितलं. गोष्ट सुरू झाली. मनू चटईवर मांडी घालून बसली. खेकडा होडीपाशी आला, ध्रुवने टेबलावर मूठ आपटली...

कट्.

परत लावलं. परत तिथेच. मनूला वाटलं गोष्ट एवढीच आहे. ती उठून खेळायला गेली आणि वहिनी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आयुष्यभर हेच काम केलं आणि मित्राचा आवाज त्याच्या पोरीला ऐकवता येत नाही.

मग फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मी वर्कशॉपमधला मोठा ॲम्प्लिफायर उचलून आणला. चाळीस किलोचा. वॉचमन म्हणाला, तिजोरी आणली की काय.

आल्या आल्या वायरी जोडायला घेतल्या. उजव्या बाजूची लागली. डाव्या वायरीचा लाल दोरा गळून पडला होता. दोन्ही टोकं काळी.

मीटर लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मीटर बॅगेत होता, बॅग दारापाशी होती. मी अंदाजाने जोडली.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन्ही स्पीकरचं प्लस-मायनस सारखं लागलं, की बोलणाऱ्या माणसाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून येतो. तिथे काहीच नसतं, पण माणूस तिथे बसलाय असं वाटतं. एका बाजूचं उलट लागलं, म्हणजे फेज उलटी झाली, की मधला माणूस नाहीसा होतो. आवाज खोलीभर पसरतो, कुठून येतो कळत नाही.

"सुरू कर तू," वहिनी म्हणाल्या. "मी चहा टाकते. आले लगेच."

घरी आलेल्याला चहा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी नको म्हणायला हवं होतं.

मी प्ले दाबलं. मनू चटईवर बसली.

गोष्ट सुरू झाली. आवाज पोकळ, पातळ. मला लगेच कळलं, डावी वायर उलट लागलीय. पण म्हटलं, आधी तो टेबलाचा ठोका जाऊ दे, ॲम्प्लिफायर तग धरतो का बघू.

खेकडा होडीपाशी आला. ध्रुवने मूठ आपटली. पायाखालची लादी हलली. ॲम्प्लिफायर चालूच राहिला.

मला हसू फुटलं. इतक्या वर्षांनी जुळलं एकदाचं.

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये ध्रुव खोकतो आणि गोष्ट पुढे नेतो. वर्कशॉपमध्ये मी ते चार-पाच वेळा ऐकलं होतं. खोकला आला.

आणि मग... काहीच नाही.

प्लेअरवरचे आकडे पुढे सरकत होते. पण गोष्ट थांबली होती. खोलीतला पंखा फिरत होता आणि मला त्याचाही आवाज येईना.

"सुमे..."

स्पीकरमधून नाही. दोन्ही स्पीकर माझ्यासमोर होते. आवाज माझ्या पाठीमागून, दाराकडून आला. हातात पिशव्या असल्या की बाहेरून आलेला माणूस हाक मारतो, तशी साधी हाक.

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज होत होता. तो थांबला.

रेकॉर्डिंगमध्ये 'सुमे' हा शब्द कुठेच नाही. मला पक्कं माहीत होतं.

मनूने मान वळवली. दाराकडे बघून ती अगदी सहज म्हणाली,

"बाबा, आई चहा करतेय."

दाराकडे बघायची हिंमत झाली नाही. मी त्या डाव्या वायरीकडे बघत राहिलो. मनात एकच चाललं होतं... फेज उलटी आहे, म्हणून असं होतंय. वायर सरळ केली की थांबेल. वायर सरळ केली की थांबेल.

"सुमे..."

आता जवळून. मनू हसली.

मी डाव्या स्पीकरचा स्क्रू सैल केला आणि वायर ओढली.

"सु..."

दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली. ठिणगी उडाली.

कट्.

मी टोकं बदलली, स्क्रू आवळले, ॲम्प्लिफायर बंद करून चालू केला. रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आणि ध्रुवचा आवाज बरोबर मधोमध आला. छातीतून, श्वासासकट. माझ्या हातून इतका सुंदर आवाज कधी लागला नव्हता.

पण ते रेकॉर्डिंग होतं. नुसतं रेकॉर्डिंग.

मनू दाराकडेच बघत होती. मग तिचं तोंड रडवेलं झालं. "बाबा गेला," ती म्हणाली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात ट्रे नव्हता. चहा उतू गेल्याचा वास येत होता.

"मघाशी काय वाजत होतं?" त्यांनी विचारलं.

मी प्लेअर थांबवला.

"सम्यक, त्याने मला हाक मारली ना?"

"वहिनी, तुम्ही मग बाहेर का नाही आलात?" मी कसंबसं विचारलं.

त्या दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी चाळीत ऐकून होतो, पण आमच्या घरात ते कुणी पाळत नसल्यामुळे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ध्रुवची आई, जाईबाई, कोकणातली. आता गावीच असते. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिने सुनेला सांगितलं होतं: "भर दुपारी नायतर राती कोणी हाक मारली तर तिसरी हाक येयसर ओ देव नको गो." म्हणजे तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही; दोन हाका कुणीही मारेल, भूतसुद्धा. तिसरी मारतो तो आपला माणूस.

"मला सवयच लागली रे," वहिनी म्हणाल्या. "ध्रुव चिडवायचा मला. दारातून एकदम म्हणायचा, सुमे सुमे सुमे, माणूसच आहे, ये बाहेर. कधी विसरला नाही. रोज तीनदा." त्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते. "पहिली हाक आली, मी गॅस बारीक केला. दुसरी आली. मी दाराशी आले. एक पाय बाहेर टाकायचा बाकी होता. तिसरीची वाट बघत होते."

मी जमिनीकडे बघत होतो.

"तिसरी आली का रे? तुला ऐकू आली?"

खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. भुताला नाही. त्यांना घाबरलो.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "दोनच."

वायर उलट लागली होती एवढंच मी सांगितलं, मी ती ओढली हे नाही. त्यांनी मला ती परत उलट लावायला सांगितली. मी लावली. त्या गॅस बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. रेकॉर्डिंग सगळं वाजलं, खोकला गेला, खेकडा घरी पोचला. कुणी हाक मारली नाही. पुढचे सहा रविवार मी जात होतो. तोच ॲम्प्लिफायर, त्याच वायरी, तीच वेळ. दर वेळी चहा टाकल्यासारखं भांडं ठेवून त्या आत उभ्या. मनू दाराकडे तोंड करून बसायची. शेवटच्या रविवारी ती बसली नाही, बाहेर खेळायला जाते म्हणाली.

माझं कामावर लक्ष लागत नाही हल्ली. कुणाच्या घरी चालू स्पीकरची वायर काढायची वेळ आली की मी आधी थांबतो, ऐकतो. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. स्पीकर कुणाला हवे असतील तर दे म्हणाल्या.

"आता नको वाटतं घरात. मनू लहान आहे."

"म्हणजे?"

"तो ध्रुव नव्हता रे, सम्यक. दुसरंच काहीतरी होतं. मी खूप विचार केला. ध्रुव असता तर त्याने तिसरी मारलीच असती ना? त्याला माहीत होतं मी दोनला ओ देत नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि तेच मला सहन होईना. "तो मला न्यायला, भेटायला, कशालाच आला नाही. मी उगाच आस लावून बसले."

मी ते स्पीकर टेम्पोत घालून वर्कशॉपमध्ये आणून ठेवलेत. अजून कुणाला दिले नाहीत.

फोनवर मी त्यांना 'हो वहिनी' एवढंच म्हणालो. माझा मित्र आला होता. बायकोला तिसरी हाक मारत होता. वायर मी ओढली. आणि आज त्या बाईला वाटतंय की तो आलाच नव्हता.