तीन शिट्ट्या

"जोडी लागते," टेबलामागच्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "एकट्या माणसाचं नाव घेताच येत नाही. नियम म्हणजे नियम."

ती टेबलाला चिकटून उभी होती. पाठीवर सॅक, काखेत हेल्मेट, आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून दात ओठांवर. तिची जोडीदार म्हणजे तिची थोरली बहीण. बहीणबाईंनी पहाटे कळवलं होतं, 'कंबर धरलीय गं, मला काही जमायचं नाही.' सहा महिन्यांचा सराव, आणि ऐन वेळी कंबर! आता घरी कुठल्या तोंडानं जायचं? वडील काही बोलणार नाहीत. नुसतं वर्तमानपत्र खाली करून बघतील, आणि पुन्हा वर करतील.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मीही एकटाच आहे. माझ्या जोडीदाराच्या बायकोला काल कळा सुरू झाल्या. त्याची शर्यत निराळीच लागलीय."

तिनं वळून बघितलं. उंच, किडकिडीत, कानांवर केस, आणि हसताना एक भुवई जरा वर. एवढं सगळं बघायला तिला एक क्षण पुरला. मग तिनं उगाच हेल्मेटचा पट्टा नीट केला.

"चालेल ना?" त्यानं विचारलं.

"वल्हवता येतं तुम्हाला?"

"बुडेपर्यंत येतं."

बाईंनी दोघांची नावं एका ओळीत लिहिली, दोघांचे फोन पिशवीत घालून ठेवून घेतले आणि एक शिट्टी तिच्या गळ्यात अडकवली. "नदी, मग जंगल, मग सायकल. पाच वाजता शेवटची रेघ बंद. दोघांनी एकत्रच ओलांडायची. आणि काही झालं तर तीन शिट्ट्या. गाडी येईल. पण गाडी आली की जोडी बाद!"

"तीन शिट्ट्या," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे भात झाला, गॅस बंद."

बाईसुद्धा हसल्या.

नदीवर धुकं होतं. लांबट अरुंद होडीत ती पुढे, तो मागे. पहिली दहा मिनिटं होडी गोल गोलच फिरत होती. मग लय सापडली. मागून वल्ह्याचं पाणी तिच्या मानेवर उडायचं, आणि ते चुकून उडत नव्हतं हे तिला चौथ्या वेळेला कळलं.

"काय करता तुम्ही?" तिनं मागे न बघता विचारलं.

"दात करतो. कवळ्या. माणसाचं हसू माझ्या टेबलावर तयार होतं. आणि तुम्ही?"

"मी लॅबमध्ये रक्त काढते."

"वा! म्हणजे आपल्या दोघांना बघून लोक पळत सुटतात. शर्यतीला आणखी काय पाहिजे?"

ती इतकी हसली की होडी डगमगली. त्या हसण्याच्या भरातच तिनं नको ते सांगून टाकलं. पोहणं सोडलं, कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. ठरलेलं लग्न समोरच्यांनी मोडलं, पण नाव झालं हिचंच. घरात तिला 'अर्धी' म्हणतात. लाडानं म्हणतात, पण म्हणतात.

"आज रेघ ओलांडायचीच आहे मला," ती म्हणाली. "एक तरी गोष्ट शेवटपर्यंत... नाहीतर मग मीच म्हणेन स्वतःला, अर्धी आहेस बाई तू."

मागे वल्हं थांबलं. "ऐक," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, कुणालाच कळलं नाही. "तू आज रेघ ओलांडणार. माझा शब्द."

अहो, असे शब्द देऊ नयेत माणसानं. पण नदीवर, सकाळी, एवढ्या जवळून कुणी देत असेल तर घेणाऱ्यानं तरी काय करावं!

नदी संपली तिथं होडी खडकांवरून उचलून न्यायची होती. तिचा पाय सरकला. तिच्या बाजूनं होडी सुटली आणि सगळा भार त्याच्या डाव्या हातावर, हात खडकावर. एक बारीकसा आवाज झाला.

"लागलं का रे?"

"छे! मुका मार." त्यानं पाठ फिरवली, सॅकमधून सायकलचे घट्ट हातमोजे काढले. "थंडी वाजतेय जरा," म्हणत ते घातले.

मग सुरू झालं जंगल. भुरभुर पाऊस, पायाखाली कुजलेली पानं, पाठीवर आठ किलोचं ओझं. आणि तिच्या मनात मात्र फुलपाखरं! कारण तो आता वेगळाच वागत होता. पाण्याची बाटली पुढे करून म्हणायचा, "तूच उघडून दे. तुझ्या हातचं पाणी गोड लागतं." बुटाची नाडी सुटली, तर पाय दगडावर ठेवून नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"मी बांधू? लाज आहे का काही?"

"नाही," तो म्हणाला. "बांध ना."

तिनं वाकून गाठ मारली. कान तापले होते तिचे. वर बघितलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला, वरच्या ओठावर घाम. तिला वाटलं... आपल्यामुळे. वेडी! रोज चाळीस माणसांचे हात हातात घेणारी बाई, आणि त्या एका हाताकडे तिनं बघितलं नाही. प्रेमात पडायची घाई झाली होती तिला.

सायकली घेतल्या तेव्हा तीन वाजले होते. तो गप्प झाला होता. ती विनोद करायची, तो नुसतं "हं" म्हणायचा. साडेचारला शेवटचा चढ संपला. पुढे चार किलोमीटर उतार आणि सपाट रस्ता, बस्स. खाली मैदानातला मांडव दिसत होता.

"बघ, बघ! पोचलो रे आपण!" ती ओरडली आणि सुसाट निघाली. वळणावर मागे बघितलं, तर सायकल आडवी आणि तो रस्त्याच्या कडेला बसलेला.

"ब्रेक दाबला गेला नाही," तो म्हणाला. "चल, उठतो."

"हात दाखव."

"काही नाही गं."

"दाखव म्हणते ना!"

हातमोजा निघेना. तिनं सॅकमधल्या प्रथमोपचाराच्या कात्रीनं कापला. आतला हात तिनं बघितला. मनगट फुगून टम्म, बोटं मेणासारखी पांढरी, टोकं निळसर. तिनं नख दाबलं, सोडलं. रंग परत आला नाही. चिमटा काढला.

"दुखलं?"

"कुठे?" त्यानं विचारलं.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. हाताकडे नाही.

"सकाळपासून?" तिचा आवाज फाटला. "आणि मी... तू मला नाडी बांधायला लावलीस, आणि मी मूर्खासारखी लाजत बसले!"

"छान लाजत होतीस."

"थट्टा करू नकोस!"

"अर्धा तास आहे," तो घाईनं म्हणाला. "पंधरा मिनिटांत खाली पोचू. दिवसभर थांबलाय हात, अजून पाव तास थांबेल. शब्द दिलाय मी तुला. उठव मला."

त्याचं डोकं ताळ्यावर नव्हतं. त्याला सायकलवर बसताही आलं नसतं. पालथा पडला असता पुढच्या वळणावर. तिला हे सगळं समजत होतं. आणि तरी तिनं खाली मांडवाकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग पुन्हा मांडवाकडे. मिनिटभर, जास्त नाही. पण ते मिनिट तिनं घेतलं, हे खरं.

मग तिनं शिट्टी तोंडाला लावली.

"नको," तो म्हणाला. "अगं, नको ना..."

एक. दोन. तीन.

त्यानं मान फिरवली. तिनं त्याचा हात स्वतःच्या ओंजळीत उशीसारखा धरून ठेवला, आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. गाडीत त्याला आडवं झोपवल्यावर फक्त डॉक्टरलाच जागा उरली. दार लागलं. ती दोन सायकली दोन हातांत धरून उतार उतरली. पावसात, रडत, कुणाची भीड न बाळगता. मैदानात पोचली तेव्हा रेघेची फीत गुंडाळून झाली होती. टेबलामागच्या बाईंनी दोन्ही फोन आणि दवाखान्याचा पत्ता तिच्या हातात दिला.

शस्त्रक्रियेनंतर त्याला पाचव्या खोलीत ठेवलं होतं. तो भिंतीकडे बघत पडला होता. ती दारातच थांबली.

"बोटं राहिली," तो म्हणाला. "पण जाणीव येईल की नाही, सांगता येत नाही म्हणाले. दात करणाऱ्याला बोटांची जाणीव गेली म्हणजे... जाऊ दे."

"सकाळीच सांगितलं असतंस तर..."

"तर तू तेव्हाच शिट्टी वाजवली असतीस."

"हो."

"आणि जन्मभर स्वतःला अर्धी म्हणत बसली असतीस."

"तेवढ्यासाठी हात घालवलास?" ती खाटेजवळ आली. "कोण लागते रे मी तुझी? सकाळची ओळख आपली!"

"तेच कळेना मला," तो म्हणाला. "दिवसभर विचार करत होतो."

"मीही एक मिनिट थांबले होते," ती म्हणाली. "वर, वळणावर. तुझा हात बघूनही. मला रेघ हवी होती. हे तुला माहीत असू दे. मग वाटलं, नको मला काही... तू हवास. दुसरं काहीही नको."

तो तिच्याकडे वळून म्हणाला, "ये इकडे."

बँडेजमधून चार बोटांची टोकं बाहेर आली होती. फिकट, थंडगार. खुर्ची ओढून ती बसली आणि अलगद तिनं ती आपल्या तळहातात घेतली.

त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं, घाबऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "धरलंयस का गं?"

"धरलंय."

"मला काहीच कळत नाहीये."

"मला कळतंय," ती म्हणाली.