मिटल्या डोळ्यांची माउली

फादर एलूआंनी जांभळा पडदा ओढला, तो मध्येच अडकला. त्यांनी हिसका दिला. टर्रकन कापड फाटलं आणि चर्चमध्ये जमलेल्या साऱ्यांचा श्वास एकदम थांबला.

पडद्याआड माउली, देवमातेची लाकडी मूर्ती, नव्हती. कोनाड्यात माउलीच्याच उंचीची, द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांची मोळी उभी होती. एका काटकीला वाकड्या टाचणीने अडकलेली हिरवी डहाळी तेवढी लोंबत होती.

"ती डहाळी माझी," आनसेल्म पुटपुटला. "ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मीच पडद्याला टोचली होती. टाचणी आत जाईना, वाकली. बघ, बोट अजून दुखतंय."

"तुझ्या बोटाचं नंतर बघू," ओदिल म्हणाली, पण तिची नजर त्या टाचणीवरून हलली नाही.

ओदिल काझाल ही आनसेल्मची मेहुणी. तुलूझ शहरात तिचं खासगी तपासाचं छोटंसं ऑफिस होतं. ईस्टरला मात्र ती दरवर्षी पुई-सेलेस्तची टेकडी चढून त्याच्याकडे यायची. आनसेल्म गुरांचा डॉक्टर. गाईच्या पोटात काय बिघडलंय ते त्याला चटकन कळायचं, माणसांच्या पोटात काय आहे ते मात्र कधीच नाही.

"किल्ली आण इकडे, फिरमें!" सरपंच ओगुस्त गरजले. "काल संध्याकाळी अख्ख्या गावाने माउलीपुढे गुडघे टेकले. त्यानंतर चर्चचं कुलूप तू लावलंस आणि आज तूच उघडलंस. मधे दुसरं कोण आलं?"

म्हातारा फिरमें काठीवर रेलून उभा होता. चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, घंटा, सगळं त्याच्याकडे. त्याने किल्ली काढून दिली.

"आज घंटा दुसरा कुणी वाजवेल," सरपंच म्हणाले. "सोमवारी मी पोलिसांना बोलावतो."

गुरुवारपासून घंटा मुक्या होत्या. त्या रोमला गेल्यात, असं सारं गाव म्हणतं. आज अंधार पडला की रात्रीच्या प्रार्थनेत ग्लोरिया या स्तुतिगीताचा पहिला सूर लागेल आणि त्या परत येतील. दोर आजवर फिरमेंच्याच हातात असायचा.

सगळे पांगल्यावर तो ओदिलजवळ आला. "मादाम, पोलिसांचं मला काही नाही. पण आज दोर दुसऱ्याच्या हातात गेला तर मी या गावात चोर म्हणूनच मरेन."

"बसा आधी. पायाला काय झालं?"

"खुबा बदलला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मूर्तींवर पडदे चढतात, त्याच्या आधीच मला काओरच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर सोडेनात. गुरुवारी भांडून आलो. घंटेसाठी."

"तोवर किल्ली कुणाकडे होती?"

"सरपंचांच्या घरी. आल्याबरोबर परत घेतली." त्याने रिकाम्या कोनाड्याकडे पाहिलं. "आईने लहानपणी सांगितलं होतं, ती निजलीय, घंटा तिला उठवायला वाजतात. दर ईस्टरला दोर ओढतो आणि चोरून वर बघतो. अजून काही तिने डोळे उघडले नाहीत."

ओदिलने कोनाड्याच्या दगडावरून बोट फिरवलं. बोटाला बारीक पिवळसर भुकटी लागली.

"फुलांचे परागकण," आनसेल्म म्हणाला.

"उपवासकाळात या वेदीवर फूल ठेवतात का रे?"

"नाही."

"मग?"

आनसेल्म परत त्या भुकटीवर वाकला.

*

चढणीच्या कडेला लाझारचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. ओदिलला पाहताच त्याने कपाळावर हात मारला.

"आलात? मी वाटच बघत होतो. या टेकडीवर कोंबडी हरवली तरी आधी माझं दुकान धुंडाळतात."

"माउली विकली तर किती येतील?"

"कुणाला विकणार, मादाम? तिचं चित्र इथे बिस्किटाच्या डब्यावरसुद्धा आहे! आणि माझी पाठ बघा. मिरवणुकीत चार गडी लागतात तिला. घामाघूम होतात."

"तुम्ही कधी खांदा दिलाय?"

"मला कोण देऊ देतंय? मी बाहेरचा. तीसच वर्षं झालीत इथे येऊन."

बाहेर आल्यावर आनसेल्म कुजबुजला, "मला सरपंचाचाच संशय येतो. किल्ली त्याच्या घरी होती."

"आणि आपल्याच घरातली चोरी तो चव्हाट्यावर ओरडून सांगेल?"

"तो ओरडल्याशिवाय मीठसुद्धा मागत नाही."

ओदिलला हसू आलं. "बरं, मूर्ती डागडुजीला बाहेर पाठवायच्या नाहीत, हे त्याचंच फर्मान ना?"

"हो. संत रोकची मूर्ती दुरुस्तीला शहरात गेली ती म्युझियममध्येच राहिली. तेव्हा ओगुस्तने चौकात शपथ घेतली, माझ्या जिवात जीव आहे तोवर एकही मूर्ती ही टेकडी उतरणार नाही. त्या शपथेवरच तर निवडून आला."

सरपंचांची आई सिदोनी चर्चमागच्या अंगणात ईस्टरसाठी फुलं निवडत होती. माउलीचे कपडे शिवणं, तिला सजवणं, उपवासकाळात मूर्तींवर पडदे चढवणं, हे सगळं या बाईकडे. ती पुढे आली तशी आनसेल्मला सटासट शिंका आल्या.

"टर्पेंटाइन आहे, डॉक्टर," ती हात मागे घेत म्हणाली. "ईस्टरची साफसफाई. कपाट पुसत होते."

"मादाम सिदोनी, माउली कुणी नेली असेल?"

"फिरमेंने नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते."

"मग हे तुमच्या मुलाला सांगा ना."

म्हातारीच्या हातातली फुलं खाली पडली. "माझा मुलगा कुणाचं ऐकतो? आणि मी कुठल्या तोंडाने तिच्यासमोर जाऊ? ती बघेल माझ्याकडे, तेव्हा..." ती थबकली. फुलं गोळा करू लागली.

ओदिलने खाली वाकून तिला मदत केली.

*

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चर्चमध्ये फादर, सरपंच, सिदोनी, लाझार आणि फिरमें जमले होते. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला उजेड थेट रिकाम्या कोनाड्यावर पडला होता.

"सरपंच," ओदिलने सुरुवात केली, "काल संध्याकाळी तुम्ही माउलीला पाहिलंत?"

"अख्ख्या गावाने पाहिलं!"

"गावाने पडदा पाहिला. दरवर्षी पाहतं. जांभळं कापड दिसलं की आपण गुडघे टेकतो, आत काय आहे हे विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. तुम्ही सगळे मोळीसमोर प्रार्थना करत होतात."

फादरनी क्रूसाची खूण केली.

"आनसेल्मने झावळ्यांच्या रविवारी डहाळी टोचली. टाचणी कापडातून जाऊन आत अडली आणि वाकली. तीच वाकडी टाचणी आज काटकीत रुतलेली होती. म्हणून पडदा फाटला. म्हणजे त्या रविवारीही आत मोळीच होती. तेव्हा फिरमें कुठे होते?"

"दवाखान्यात," आनसेल्म ओरडला. "अरे! म्हणजे माझ्या बोटाने त्याला सोडवलं!"

"तुझ्या बोटाला पदक देऊ. आता ही भुकटी बघा. ही कीड लागलेल्या लाकडाची. माउली आतून पोखरली जात होती. हे कळलं कुणाला? जी तिच्या इतक्या जवळ जाते तिलाच. लाझार म्हणतात चार गडी लागतात. ते ओझं लाकडी पालखीचं असतं. एकट्या माउलीला उचलून कुणी पाहिलंय? जी तिचे कपडे बदलते तिने. तिच्याच घरी किल्ली होती. तिच्याच हातांना टर्पेंटाइनचा वास येतोय, आणि किडीच्या भोकांत तेच भरतात."

सरपंचांचा चेहरा उतरला. "आई?"

"तुझ्या बापाने जन्मभर सुतारकाम केलं, ते मी बघितलं," सिदोनी म्हणाली. "पडदा चढवताना तिच्या पायाशी भुकटी दिसली. तुला सांगितलं असतं तर शपथेत अडकला असतास. काहीच केलं नसतं तर पुढच्या वर्षी कोनाड्यात भुसा उरला असता. टोपलीत ठेवली, वरून भाजी पसरली. पिसासारखी हलकी झाली होती रे. टेकडीवरून खाली नाही नेली. आपल्याच घरात, तुझ्या बापाच्या कारखान्यात आहे."

"पण काम तर कधीच झालं असेल," फादर म्हणाले. "किल्ली तुमच्याकडे असतानाच का नाही परत ठेवलीत?"

उत्तर ओदिलने दिलं, अगदी हळू आवाजात.

"सारं गाव तिला मिटल्या डोळ्यांची म्हणतं. मादाम सिदोनी मघाशी म्हणाल्या, ती बघेल माझ्याकडे."

*

कारखान्यात रंध्याच्या ढलप्यांवर जुना चामडी एप्रन पडला होता. सिदोनीने तो बाजूला केला.

मेणबत्त्यांच्या धुराने माउली काळी झाली होती, तशीच होती. फक्त पापण्यांवरची काजळी गेली होती. तिथे पापण्या नव्हत्याच. डोळे होते. उघडे, तपकिरी, किंचित खाली वळलेले. समोर गुडघे टेकणाऱ्याकडे बरोबर बघणारे.

"तिथे एक भोक होतं," सिदोनी रडत म्हणाली. "कापसाने पुसलं, तर ती माझ्याकडे बघायला लागली. मी घाबरले. वाटलं, जे उघडायचा मला हक्क नव्हता ते मी उघडलं. परत ठेवायला हात धजेना."

आनसेल्मने टोपी काढली. लाझार भिंतीला टेकून उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या ते जिला झोपलेली समजत होते ती त्यांचं एकेक रडगाणं टक्क जागी राहून बघत आली होती.

सगळ्यात आधी सरपंच गुडघ्यांवर आले. मग उठले, खिशातून किल्ली काढली आणि फिरमेंच्या हातात ठेवली. आज ते ओरडले नाहीत. "मला माफ कर," एवढंच म्हणाले.

"आईला घरी काही बोलायचं नाही," फिरमें म्हणाला. "तरच."

*

अंधार पडला. फादर एलूआ प्रवचन बोलत नसत, गात असत. अंधाऱ्या चर्चमध्ये एकेक मेणबत्ती पेटत गेली, आणि तो उजेड चढत चढत कोनाड्यातल्या दोन डोळ्यांपर्यंत पोचला. बाकांवरून एक लाट गेल्यासारखी सगळी डोकी झुकली.

ग्लोरियाचा सूर लागला. घंटा वाजेना.

ओदिलने मागे वळून पाहिलं. फिरमें दोर धरून उभा होता, मान वर, गालांवर पाणी.

"वाजव ना!" सिदोनी त्याच्या कानाशी म्हणाली.

"कुणाला उठवू? ती तर जागी आहे."

"म्हणूनच वाजव, वेड्या. इतकी वर्षं तुझ्याकडे बघत ऐकतेय ती."

फिरमेंने काठी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी दोर ओढला.