ओर्नेलाच्या लग्नाच्या साठ बाटल्या

ओर्नेला झुबानी आली ती कडेवर बाटली घेऊन. तान्ह्या पोराला दवाखान्यात न्यावं तशी रुमालात गुंडाळलेली.

एर्सिलिया तोनोलींनी बाटली खिडकीशी उजेडात धरली. ब्रेशा शहरात त्या अकरा वर्षं खाजगी तपास करत होत्या. त्याआधी तीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे माणूस असो की पाकीट, न उघडता वाचायची सवय झाली होती.

"गढूळ आहे," त्या म्हणाल्या.

"ताक झालंय, वहिनी," त्यांचे दीर ओरेस्ते म्हणाले. ओरेस्ते तपासात मदत करत. म्हणजे वहिनी तपास करत आणि ओरेस्ते त्यांना जेवणाच्या वेळेची आठवण करून देत.

"मी जन्मले त्या साली आजोबांनी साठ बाटल्या लावल्या, सिन्योरा," ओर्नेला म्हणाली. "माझ्या लग्नात फोडायच्या. आमच्या घरची रीतच आहे, जन्माची वाइन निवळल्याशिवाय लग्न नाही. महिनाभर रोज फिरवून सगळा साका बुचाशी आणला होता. काल, सोमवारी सकाळी बघतो तर हे! कुणीतरी खळखळून हलवल्यात."

"लग्न कधी?"

"येत्या रविवारी. एप्रिलातही असंच झालं. तेव्हा हवामानाला बोल लावला आणि तारीख ढकलली. आता पुन्हा ढकलली, तर माझी होणारी सासू, तिझियानोची आई, म्हणते, पोरगी तुमच्याकडेच मुरवत ठेवा."

झुबानींच्या फाटकाशी ब्याऐंशी वर्षांचे बात्तिस्ता आजोबा उभे होते. स्वागताला हात उंचावला आणि वाऱ्यानं त्यांची टोपी उडवली. आजोबा जमिनीवरच्या टोपीकडे नुसते बघत राहिले. शेवटी ओरेस्त्यांनी ती उचलून दिली.

"तुमची कंबर शाबूत आहे, साहेब. सुखी आहात," आजोबा म्हणाले. "माझी कधीच संपावर गेली."

तळघरात भोकं पाडलेली लाकडी घोडी होती. दहा ओळी, ओळीत सहा बाटल्या, सगळ्या मान खाली घालून; वर ओर्नेलानं आणलेल्या बाटलीची जागा तेवढी रिकामी. प्रत्येकीच्या बुडावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका.

"रोज सकाळी आठवा हिस्सा फिरवायचा," ओर्नेला म्हणाली. "ठिपक्यावरून कळतं किती फिरली ते. वरच्या आठ ओळी आजोबांच्या, खालच्या दोन माझ्या. सहा वर्षांची असल्यापासून."

"शेवटचं कधी फिरवल्या?"

"रविवारी सकाळी. सोमवारी हा प्रकार बघितला आणि कुणाचा हातच उचलेना."

एर्सिलियाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि बॅटरी लावली. खालच्या ओळीतून उजेड आरपार जाऊन मागच्या भिंतीवर पडला. वरच्या ओळीत तो बाटलीतच अडकला.

"भावजी, ठिपके बघा. घड्याळ समजा."

"वरचे सहावर. खालचे साडेचारावर," ओरेस्ते म्हणाले. "म्हणजे पोरीनं एक दिवस दांडी मारली!"

"एकही दिवस नाही हं!" ओर्नेला कडाडली.

बाई "हं" म्हणाल्या आणि गुडघे झटकत उठल्या.

फेर्मोकाका अंगणातच भेटले. "मी गेली दहा वर्षं सांगतोय, घोडी जाळा, यंत्र आणा. यंत्र आठवड्यात निवळून देतं. वीस वर्षांत बाटलीला हात लावलेला नाही मी."

"रविवारी दुपारी कुठे होतात?"

"झोपलो होतो. साक्षीदार नाही. असती तर बायकोनं जिवंत ठेवलं नसतं."

आजोबांचा संशय पक्का होता. "तो तिझियानो! त्रेव्हीझोकडचा. वाइन टाकीत फसफसवणारे लोक! साठ दिवसांत वाइन तयार म्हणे. साठ दिवसांत आमच्याकडे पोर मानसुद्धा धरत नाही."

तिझियानो सरळ पोरगा होता. "गेलो होतो तळघरात रविवारी, जेवण झाल्यावर. बघायला. पण हात नाही लावला, सिन्योरा. एक जरी काढली असती ना, तरी परत कशी ठेवायची हे मला कळलं नसतं."

"हे मात्र खरं बोललात," बाई म्हणाल्या. मग ओरेस्त्यांनी जेवणाच्या वेळेची आठवण करून दिली.

झुबानींच्या मेजाभोवती सगळे जमले आणि लोण्यात न्हालेल्या कासोन्सेईंचं, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचं, ताट फिरलं. बाईंनी काटा खाली ठेवला.

"ज्यानं हलवल्या, त्यानं साठ हलवल्याच नाहीत. अठ्ठेचाळीस हलवल्या. खालच्या दोन ओळी नितळ आहेत. सगळं बिघडवायला आलेला माणूस बारा बाटल्या का सोडतो?"

"दया आली असेल," ओरेस्ते तोंड भरलेलं असताना म्हणाले.

"कंबर आली आडवी, भावजी. खाली वाकता येत नव्हतं त्याला. आणि वाकता न येणारा माणूस इथे एकच आहे. तुम्हीच त्याची टोपी उचललीत."

आजोबा ताटात बघत होते.

"आता ठिपके. वरच्या आठ ओळी खालच्यांपेक्षा एका वळशानं पुढे आहेत. ओर्नेलानं दांडी मारलेली नाही. वरच्यांनाच एक वळसा जास्त मिळाला. फेर्मो किंवा तिझियानोनं बाटली हलवली असती तर भोकात कशीही खुपसली असती. ठिपके वाट्टेल तिथे गेले असते. हे सगळे सहावर आहेत. साका उधळायला निघालेल्या माणसानं प्रत्येक बाटली परत ठेवताना सवयीनं आठवा हिस्सा फिरवली. साठ वर्षं फिरवलेल्या हाताला न फिरवता ठेवणं जमलंच नाही."

"आजोबा?" ओर्नेलानं विचारलं. "एप्रिलातही तुम्हीच?"

बात्तिस्तांनी बोटानं मेजावरचा एक कण इकडून तिकडे केला.

"तू गेलीस," ते म्हणाले, "की खालच्या दोन ओळी कोण फिरवणार?"

ओर्नेला उठली आणि रडत त्यांच्या गळ्यात पडली. रडतानाच तिनं त्यांना दोन शिव्याही घातल्या, त्या फेर्मोकाकांनी शिकवलेल्या होत्या.

तिझियानो तळघरात जाऊन वरच्या ओळीतली एक बाटली घेऊन आला. फोडली, निम्मी फेसात गेली. उरलेली पेल्यात ओतली, पांढुरकी, आणि घटाघट प्यायला.

"अरे, साका आहे त्यात!" आजोबा ओरडले.

"आमच्याकडे आजोबा साक्यासकटच पितात. नितळ वाइन पाहुण्यांसाठी, गढूळ घरच्यांसाठी."

आजोबांनी पेला नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"रानटी लोक," ते म्हणाले, आणि पेला पुढे केला.

लग्न रविवारीच ठरलं. बारा नितळ बाटल्या चर्चमधल्या पाहुण्यांना, गढूळ घरच्यांना. रीत मोडली नाही, कारण काही का असेना, बारा तर निवळल्या होत्या.

राहता राहिला खालच्या दोन ओळींचा प्रश्न.

"भावजी," एर्सिलियाबाई म्हणाल्या, "ब्रेशाहून सकाळी पावणेआठची बस आहे. तुमची कंबर शाबूत आहे, असं आजोबांनीच म्हटलंय."

ओरेस्त्यांनी ताटातला शेवटचा कासोन्सेई लोण्यात फिरवला. बरोबर आठवा हिस्सा.

"दुपारच्या जेवणासकट?"