दाढेची साक्ष

दत्तोबा भोपळ्यांच्या खानावळीतला तांबडा रस्सा पूर्वीसारखाच झणझणीत होता, फक्त त्यातलं मटण कुठल्या बोकडाचं नव्हतं. पेशींपासून हौदात वाढवलेल्या त्या मांसाला कोल्हापूरकरांनी आधी नाक मुरडत ‘हौदमटण’ म्हटलं आणि मग त्यावर ताव मारायला सुरुवात केली. डॉ. मृणाल कुरणेही तेच जेवायला बसली होती. अन्नामुळे झालेल्या मृत्यूंचा तपास करणं हे तिचं काम.

पहिला घास तोंडात जायच्या आतच काउंटरची काच फुटली.

तालमीतली पोरं आत घुसली होती. सगळ्यांत पुढे संकेत. त्याचा थोरला भाऊ, पैलवान संग्राम, परवा इथून जेवून गेला होता आणि त्याच संध्याकाळी तालमीतच कोसळून मेला होता; तपास मृणालकडेच होता. संकेतने दत्तोबांना गचांडी धरून ओढलं आणि त्यांचा हात कट्ट्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मृणालला स्पष्ट ऐकू आला. तेवढ्यात एकाने उकळत्या रश्श्याचं पातेलं उचललं.

"थांबा!" ती मध्ये पडली. "सहा वर्षांत कोट्यवधी ताटं वाढली गेलीत. हौदमटणानं एकही माणूस दगावलेला नाही!"

"माझा दादा मेलाय!" संकेत किंचाळला. "हितंच जेवलावता त्यो! आकडं घाला चुलीत, म्याडम!"

दत्तोबांच्या बरगडीत लाथ बसली. पातेलं पुढे सरकलं. मृणालचा धीर सुटला आणि घरच्यांना एकांतात, जपून सांगायची गोष्ट ती भर खानावळीत ओरडून बसली.

"विष थंडाईत होतं! तुमच्या तालमीतल्या! बदामात कडू बदाम वाटले गेलेत. संग्रामच्या दंतसाक्षीत नोंद आहे!"

दाढेत बसवलेला तो तिळाएवढा यंत्रकण प्रत्येक घोटाची नोंद ठेवतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पातेलं खाली टेकलं. माना संकेतकडे वळल्या. संग्रामची थंडाई रोज तोच वाटायचा.

"सख्ख्या भावाला मारलंस व्हय रं?"

ज्यांना कोट्यवधी ताटं पटली नव्हती, त्यांना एक दाढ पुरली. तेच हात आता संकेतवर पडू लागले. "चुकून झालंय!" मृणाल जिवाच्या आकांताने ओरडत होती. "लाखो लोक थंडाई पितात, कुणी मरत नाही!" कोण ऐकतंय! तिला स्वतःचाच भयंकर राग आला. शेवटी हात मोडलेले दत्तोबाच त्या पोरावर आडवे पडले.

"सोडा रं! मरंल की पोरगं!"

तेव्हा कुठे पोरं मागे हटली आणि एकेक करून बाहेर पडली. संकेतच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याने मृणालचं मनगट घट्ट धरलं.

"म्याडम, ती दाढ कधीच चुकत न्हाई?"

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "हजारात एकदा चुकते."

"मग माझ्या दादाची दाढच ती एक न्हाई, कशावरनं?"