मेलेल्याचं मत

गुरुवारी सकाळी सव्वाआठला कोर्टाची सुरक्षा सांभाळणाऱ्या मार्शल व्हर्ना टीग यांचा फोन वाजला. न्यायमूर्ती ब्रँडवोल्ड न्यायाधीशांच्या खासगी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडले होते.

राज्याच्या त्या सर्वोच्च न्यायालयात दहा वाजता लुएला फ्रेमचा निकाल जाहीर व्हायचा होता. खुनाच्या गुन्ह्यात ही बाई एकोणीस वर्षं तुरुंगात होती. ती सुटणार की तिथेच मरणार, हे सात न्यायाधीशांच्या हाती होतं. त्यातला एक आता थंड पडला होता.

ब्रँडवोल्डच्या मनगटावर बोटांचे ताजे वळ होते. ते पडले नव्हते, त्यांना ढकललं होतं.

जिन्याचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. सकाळपासून तीनच कार्डं लागली होती. ब्रँडवोल्डचं स्वतःचं, त्यांच्या सेक्रेटरी ओडेट क्राउज यांचं आणि न्यायमूर्ती हॅलमचं.

"काल निकालाची प्रत कुठे होती?" व्हर्नाने ओडेटला विचारलं.

"साडेचारला मीच खाली नोंदणी कार्यालयात दिली. दाखल झाल्याचा शिक्का माझ्यासमोर बसला. आज बर्फात कोण पोचेल, कोण नाही, म्हणून मुख्य न्यायाधीशांनी निकाल कालच दाखल करायला लावला आणि तसं सगळ्यांना कळवलं."

"सगळ्यांना?"

"म्हणजे या खटल्यावर बसलेल्यांना."

"आणि मसुदा?"

"आठवडाभर साहेबांच्या टेबलावर उघडा. कुलूप लावा म्हणून किती डोकं आपटलं मी. ऐकतंय कोण!"

हॅलम आपल्या खोलीत कॉफी घेत बसले होते. एकोणीस वर्षांपूर्वी सरकारी वकील म्हणून लुएलाला त्यांनीच आत घातलं होतं. म्हणून ते या खटल्यातून बाजूला झाले होते आणि त्यांच्या जागी खालच्या कोर्टाचे एक न्यायाधीश बसले होते.

"जिन्याने कधी आलात?"

"पावणेआठला. तिथे कोणी नव्हतं." हॅलमनी सुस्कारा टाकला. "त्या बाईचंही नशीब बघा. आता तीन-तीन. बरोबरी झाली की खालच्या कोर्टाचा निकाल कायम. नियमच आहे, कोण काय करणार?"

व्हर्ना उठली आणि ब्रँडवोल्डच्या टेबलावरचा मसुदा वाचायला गेली.

साडेनऊला तिने हॅलमना मुख्य न्यायाधीशांसमोर उभं केलं.

"हॅलमसाहेब, खटल्याबाहेरच्या न्यायाधीशाकडे त्याचा कागद जात नाही. मग मतं चार-तीन होती, हे तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही ब्रँडवोल्डच्या टेबलावरचा मसुदा वाचलात. त्यात लिहिलंय, की लुएलाला वाचवणारी साक्ष तुम्ही दडवली होती."

हॅलम हसले. "कल्पना चांगली आहे."

"निकाल दाखल होण्याआधी न्यायाधीश मेला, तर त्याचं मतही मेलं. मग बरोबरी. आणि बरोबरी झाली की इथे निकालपत्र निघतच नाही. लुएला आत राहिली असती आणि तुमचं नाव स्वच्छ."

"त्या सेक्रेटरीला का नाही विचारत?"

"विचारलं. आज ब्रँडवोल्डना मारून काही उपयोग नाही, हे तिला माहीत होतं. शिक्का तिच्यासमोर बसला."

"कसला शिक्का?" हॅलमनी विचारलं.

"काल साडेचारचा," व्हर्ना म्हणाली. "ब्रँडवोल्ड तेव्हा जिवंत होते. त्यांचं मत धरलं जाईल. तो निरोप खटल्यावर बसलेल्यांना गेला, तुम्हाला नाही. हकनाक मारलंत हो त्यांना."

हॅलम खुर्ची चाचपत खाली बसले.

दहाला निकाल जाहीर झाला. लुएलाचा वकील हातात प्रत आणि कानाला फोन घेऊन व्हर्नाजवळ आला.

"तुरुंगातून बोलतेय ती. हे ज्यांनी लिहिलं, त्या ब्रँडवोल्डसाहेबांना भेटून आभार मानायचेत म्हणतेय. काय सांगू?"