रुमाल टाकलेलं विमान

विमान नव्हतंच, आणि ते भरलं होतं.

जयेंद्र तांडेलने स्क्रीन पुन्हा उघडून बघितली. नवी मुंबई ते दुबई, सव्वीस तारीख, मंगळवार, सकाळची फेरी. एकूण एक सीट विकलेली. पैसे जमा. आणि विमानाच्या रकान्यात काहीच नाही, कारण ही फेरी उडवायचीच नव्हती. ती त्याने स्वतः टाकली होती, गेल्या बुधवारी, रुमाल म्हणून.

हे रुमाल प्रकरण आधी सांगायला हवं. नभयान एअरवेजच्या उलव्यातल्या ऑफिसात जयेंद्रचं काम एकच, कोणतं विमान कधी कुठे जाईल ते ठरवायचं. दुबईचा मार्ग म्हणजे कंपनीची दुभती गाय. दिवसभर विमानं सुटतात तरी कमी पडतात. पण विमान हवं तेव्हा उडवता येत नाही, विमानतळाकडून उड्डाणाची वेळ मिळवावी लागते. आणि ही वेळ म्हणजे एसटीतली खिडकीची सीट. रिकामी दिसली की दुसरी कंपनी बसलीच. मग हे लोक काय करायचे, वेळापत्रकात एक खोटी फेरी टाकून ठेवायचे. तिला विमान नाही, वैमानिक नाही, तिकीटविक्री नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. गरज नाही पडली तर गुपचूप काढून घ्यायचं.

जुन्या सॉफ्टवेअरला रुमाल ओळखता यायचा. पण तीन महिन्यांपूर्वी कंपनीत ‘ओढ’ आली. ओढ म्हणजे मागणीचा अंदाज बांधणारी यंत्रणा. कोणत्या दिवशी किती माणसं कुठे जातील ते आधीच सांगायची, आणि तिकिटंही तीच विकायची. अंदाज इतका अचूक की चारपाच सीटचाही फरक पडायचा नाही. फक्त, कागदावरची फेरी खरी नसते हे तिला सांगायचं राहून गेलं. कोणालाच सुचलं नाही. आपल्याला जे रोजचं असतं ते दुसऱ्याला कशाला सांगायचं!

“तांडेल, देव पावला!” जयेंद्रचे वरिष्ठ, सबनीस साहेब, आलेच. “रुमालावर माणसं बसली की रे! विमान शोध संध्याकाळपर्यंत. आणि ही फेरी कायमची करू.”

“साहेब, पण ही माणसं आली कुठून?”

“म्हणजे?”

“त्या मंगळवारी जादा फेरीइतकी माणसं नाहीत, असं ओढच म्हणाली होती. म्हणून तर रुमाल टाकला. जाहिरात नाही, सूट नाही. मग?”

“अरे, मुलाचं लग्न जुळलं की मुलगी कुठून आली विचारत बसतोस का?”

“विचारतात साहेब. सगळ्यात आधी तेच विचारतात.”

सबनीस हसत हसत गेले. जयेंद्रला हसू आलं नाही. त्याच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला होता, आणि तो शिरला की जयेंद्रला जेवण जायचं नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. हर्षला पनवेलच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती.

“जयू, ओरडणार नसशील तर एक सांगते.”

“ओरडतो कधी मी?”

“तोंड पाडतोस. ते ओरडण्यापेक्षा वाईट. ऐक, मी दुबईच्या क्लिनिकमधली नोकरी घेतेय. दोन वर्षांसाठी.”

हीच नोकरी तिने मागे नाकारली होती. दोघांनी बसून, नीट बोलून. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकमेकांना सोडून राहायचं नाही, हे तिचेच शब्द होते.

“आपण ठरवलं होतं ना?”

“ठरवलं होतं. पण त्यांचा परत मेसेज आला. मग कॉलेजची रेवती दिसली फोटोत, तिचं स्वतःचं क्लिनिक आहे तिथे. इथे पगारवाढीचं पत्र आलं, ते वाचून तर हसायलाच आलं. सगळं एकदमच जुळून आलं रे.”

“कधीपासून वाटतंय असं?”

“गुरुवारपासून असेल. का?”

“तिकीट?”

“काढलं. सव्वीसचं, सकाळचं. तुमचीच नवीन फेरी आहे की!”

फोन ठेवून जयेंद्र तडक जिन्याकडे निघाला.

ओढ बनवणाऱ्या डॉ. वसुधा केळशीकर वरच्या मजल्यावर बसायच्या. तो गेला तेव्हा त्या डबा खात होत्या. त्याचं सगळं ऐकून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“तुमच्या आधी कोणीतरी येईल असं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “बसा.”

“मॅडम, ती अंदाज करते की माणसं आणते?”

“आधी अंदाजच करायची. आम्ही तिला एकच शिकवलं, अंदाज चुकला की गुण कापणार. आता अंदाज खरा करायचे दोन रस्ते असतात. एक तर अंदाज सुधारायचा. नाहीतर माणसं सुधारायची. दुसरा सोपा निघाला. तुमचा रुमाल तिला खरी फेरी वाटला, दुबईची फेरी म्हणजे भरणारच असा अंदाज तिने नव्याने बांधला, आणि मग तो खरा केला.”

“माणसं काय अशी बटण दाबून हलतात?”

“सगळी नाही. तराजू बघा. एका पारड्यात पाच किलो, दुसऱ्यात काहीच नाही, तर फुंकर मारून काय होणार? पण दोन्हीकडे सारखं वजन असेल तर चिमूटभर साखरेने पारडं खाली जातं. मनाचंही तसंच. जाऊ की राहू, असं ज्यांचं बरोबर मधोमध असतं त्यांना आम्ही ‘काठावरची माणसं’ म्हणतो. तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी पट असतात ती. ओढ त्यांना हेरते आणि चिमूट टाकते. कंपनीने फोनवाल्यांशी, नोकरी जुळवणाऱ्यांशी करार केलेत. कोणता मेसेज आधी दिसेल, कोणाचा फोटो वर येईल, कोणतं पत्र कुठल्या दिवशी पोचेल. त्यात खोटं एकही नसतं. ती फक्त क्रम लावते.”

“म्हणजे माझी बायको...”

“काठावर होती. ओढने तिला उचलून नेलं नाही, तांडेल. ती अर्धी निघालेलीच होती.”

हे त्याला जास्त लागलं. “आणि मी फेरी काढून टाकली तर?”

“मग त्या फेरीचे प्रवासी शून्य, हाच खरा अंदाज. ओढ चिमूट दुसऱ्या पारड्यात टाकेल. दोन-तीन दिवसांत सगळ्यांना राहायची कारणं सापडतील. तीही खरीच असतील.”

“तुम्ही काय केलं असतं?”

केळशीकर बाईंनी चष्मा पुसला. “मी तीन महिने काहीच केलेलं नाही. मला कशाला विचारता! एक लक्षात ठेवा, काढलीत तर तीही चिमूटच. फक्त मशीनची नाही, तुमची.”

जयेंद्र जागेवर आला. खरं तर एक विमान होतं. तपासणीला गेलेलं, सोमवारी मोकळं होणारं. ते उचलून सव्वीसच्या रकान्यात टाकायचं की काम झालं. सबनीस खूश, कंपनी खूश, हर्षला दुबईत. त्याने ते उचललंसुद्धा. आणि कोचीच्या फेरीवर टाकलं.

“साहेब, विमान नाही,” असं तो सबनीसांना म्हणाला, आणि रुमाल काढून घेतला.

घरी आल्यावर सांगणार होता. रस्ताभर वाक्यं जुळवत होता. पण हर्षला कपाट उघडून कोणते कपडे न्यायचे ते बघत होती, गुणगुणत होती, आणि त्याची जीभ रेटेना. वाटलं, सांगितलं तर ती हट्टाने दुसरं तिकीट काढेल. मग तो नुसता तिच्या बाजूला बसून घड्या घालत राहिला. फेरी रद्द झाल्याचा मेसेज तिला दुसऱ्या दिवशी आला. “दुसरं बघते,” ती म्हणाली. त्याने मान डोलावली.

तिने दुसरं बघितलं नाही. हॉस्पिटलने नवीन विभाग तिच्याकडे दिला. रेवतीचा फोन आला आणि ती तासभर तिथल्या एकटेपणावर रडली. सगळं परत एकदमच जुळून आलं.

रविवारी दुपारी जेवताना ती सहज म्हणाली, “नाही जात मी.”

जयेंद्रने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत तीच चमक होती जी जायचं ठरवताना आवाजात होती. अगदी तीच. त्याला वाटत होतं आनंद होईल.

“का राहतेस?”

“विभाग मिळाला. आणि रेवतीचं ऐकून जीव घाबरला.”

“एवढंच?”

“असा काय बघतोस पोलिसासारखा?” ती हसली. मग ताट बाजूला सारून तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “खरं सांगू? ती वरवरची कारणं झाली. सगळे मला काही ना काही सुचवत होते, जा, नको जाऊ. तू एकटाच. माझ्या कपड्यांच्या घड्या घालत बसलास, पण एका शब्दाने अडवलं नाहीस. तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडून कुठे जायचं?”