यादिराच्या वाटणीच्या ओळी

"कॉलेज काय पळून जातंय? दर एप्रिलात शाळा अर्धी टाकून मिशिगनला जातोच की आपण. मास्तर करतात पास," आमचे वडील, अपा, ट्रकवर गाद्या बांधता बांधता ओरडले.

"ही शाळेची परीक्षा नाही, अपा." माझी बहीण यादिरा रडकुंडीला आलेली. "वर्ग शाळेत भरतो, पण मार्क कॉलेजचे. मे महिन्यात पेपर बुडाला की नापासाचा शिक्का, तो जन्मभर पुसत नाही."

"आणि शतावरीचे कोंब कोण तोडणार? तिघं येतो म्हणून मळेवाल्याला शब्द दिलाय. दोघंच दिसलो तर खोली दुसऱ्याला देईल. हा रिकामटेकडा तर आधीच नाही म्हणून बसलाय."

रिकामटेकडा म्हणजे मी, नाबोर. डोकं असं सणकलं... पण बोलणार काय? सोमवारपासून चोनमामाच्या गॅरेजात मला काम मिळणार होतं. आधीच्या चार नोकऱ्या गावभर सांगितल्या आणि चारही बोंबलल्या, म्हणून या वेळी तोंड शिवून घेतलेलं.

यादिराकडे बघितलं आणि काळीज हललं. दर एप्रिलात अर्धं सुटलेलं गणित माझ्याही डोक्यावर असंच साचत गेलं होतं, आणि शेवटी मी शाळाच सोडली होती.

"तिच्या वाटणीच्या शतावरीच्या ओळी मी तोडतो," मी म्हणालो. "तिला मामाकडे ठेवा."

"आज सूर्य कुठून उगवला?" अपा म्हणाले.

तेवढ्यात मामाच निरोप द्यायला आला. हातात निळा शर्ट, खिशावर माझं नाव शिवलेलं. "भाच्या, सोमवारी हाच घालून ये हं."

आईच्या, म्हणजे अमाच्या, हातातलं वाटेत खायच्या तोर्तिया-रोट्यांचं गाठोडं तसंच राहिलं. अपांनी शर्ट घेतला, नावावरून अंगठा फिरवला...

"चोन, आम्ही येईपर्यंत जागा ठेवशील?"

"बघतो. शब्द नाही देत."

"आधी का नाही बोललास रे?" यादिरा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"तू पेपर लिही. नापास झालीस तर तंगडी तोडीन."

अपांनी शर्टाची घडी घालून पुढच्या सीटवर ठेवली. मग ट्रकची किल्ली, जिला आजवर मला हात लावू दिला नव्हता, ती माझ्या हातात दिली. "तू चालव. रागात नको चालवू, बाळा."

मला बाळा म्हणाले.

अपा हाक मारतायत. किल्ली माझ्याकडेच आहे. निघायला हवं आता.